ऑर्स्बीची इस्त्री केलेली नोट

आमच्या ऑर्स्बीतली बँक बुडाली त्याला आता नव्वदच्या वर वर्षं झाली, पण तिची तिजोरी काही रिकामी राहिली नाही. डोरीन तिच्यात मैद्याची पोती ठेवते आणि सकाळचे दालचिनीचे रोल. इमारत तीच, दारावर दगडात कोरलेलं 'फर्स्ट नॅशनल बँक' हे नावही तेच, आत मात्र आता कॅफे आहे. बाहेरगावचा एखादा भाबडा माणूस नाव वाचून पैसे काढायला आत शिरतो आणि कॉफी पिऊन बाहेर पडतो.

तिजोरीच्या जाडजूड दारापाशी जे गोल टेबल आहे, ते व्हर्लिन स्कारचं. तसं कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण शनिवारी सकाळी तिथे दुसरं कुणी बसलं तर डोरीन कॉफीचं भांडं हातात घेऊन त्याच्याकडे अशी बघते की तो आपणहून उठतो. कारण शनिवारी लोक आपापल्या घरातल्या जुन्या नोटा घेऊन व्हर्लिनकडे येतात. आजीच्या बायबलमध्ये सापडलेल्या, खुर्चीच्या गादीतून निघालेल्या, माळ्यावरच्या बुटात दडवलेल्या. व्हर्लिन हात रुमालाला पुसतो, नोट दोन्ही कडांनी धरतो, उजेडाकडे नेतो आणि जे असेल ते तोंडावर सांगतो. पाद्रीसाहेबांनी मोठ्या आशेने आणलेल्या नोटेबद्दलही त्याने सांगितलं होतं, "कोपरा चिकटवलेला आहे. आणि चिकटवणारा घाईत होता."

उभं आयुष्य त्याने हेच केलं. तो गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारावर मका तपासायला होता. शेतकऱ्याचा ट्रक आला की मूठभर मका तळहातावर घ्यायचा, दाणा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, ओला आहे, फुटका आहे, बुरशी आहे. समोर सख्खा मेव्हणा असला तरी भाव तेवढाच. शेतकरी शिव्या घालायचे, पण पुढच्या वर्षी ट्रक त्याच्याकडेच आणायचे. त्याने एकदा चांगला म्हटलेला मका मग कुणी दुसऱ्यांदा तपासायचं नाही.

खोड ही अशी की ती कोठारावर ठेवून घरी येता येत नाही. त्याची बायको जॉइस केक करायची, आणि हा पहिला घास घेऊन म्हणायचा, "खालून जरा लागलाय." जॉइस हसायची. म्हणायची, "व्हर्लिन, तुझ्या पुढ्यात देवदूत येऊन उभा राहिला ना, तरी तू आधी पिसं मोजशील. आधी वस्तू बघावी रे, मग दोष." जॉइसला जाऊन आठ वर्षं झाली. ते वाक्य मात्र घरात राहिलं, एखाद्या जुन्या खुर्चीसारखं. तो रोज त्याच्या शेजारून जायचा, त्यावर बसला मात्र कधी नाही.

नोटांचा नाद त्याला लागला तो तरुणपणी. एका शेताच्या लिलावात त्याने खिळ्यांनी भरलेली सिगारची पेटी घेतली, आणि खिळ्यांच्या तळाशी घडी घातलेली दहाची नोट निघाली. आताच्या नोटेपेक्षा चांगली बोटभर मोठी, आणि तिच्यावर ठळक अक्षरात शेजारच्या विंथर गावाचं नाव. विंथर म्हणजे चारशे वस्तीचं गाव. तिथे तो बेसबॉल खेळायला जायचा आणि हरून यायचा. त्या गावाचं नाव चक्क अमेरिकेच्या पैशावर! मग म्हाताऱ्यांना विचारून त्याला कळलं, की एके काळी गावोगावच्या बँका आपल्या नावाच्या नोटा काढायच्या. वॉशिंग्टनहून छापील तावच्या ताव यायचे, गावातला अध्यक्ष आणि कॅशिअर एकेका नोटेवर हाताने सही करायचे, आणि मग कात्रीने कापून त्या चलनात जायच्या. आपण ज्याला रोज रामराम घालतो त्याचीच सही खिशातल्या पैशावर. व्हर्लिनला ही गोष्ट इतकी गोड वाटली की तो तिच्या नादीच लागला.

आमच्या काउंटीतल्या सगळ्या गावांच्या नोटा त्याने जमवल्या. एक सोडून. ऑर्स्बीची नोट कुठेच नव्हती. संग्रहात नाही, लिलावात नाही, कुणाच्या ऐकिवातही नाही. सीडर रॅपिड्स शहरातला लेरॉय कुबिचेक, ज्याचा धंदाच नोटांची खरेदीविक्री, तो दर महिन्याला डोरीनकडे येऊन व्हर्लिनला चिडवायचा, "तुझं गाव खरंच आहे ना रे? का मी नकाशाच्या चुकीत बसून कॉफी पितोय?" व्हर्लिनच्या वहीत प्रत्येक नोटेला प्लास्टिकचा कप्पा होता, आणि कप्प्यात त्याच्या अक्षरातली चिठ्ठी. पहिल्या ओळीत दोष, मग गाव आणि बँक, आणि शेवटी दूर ओरेगॉनला राहणाऱ्या लेकीसाठी सूचना, की माझ्यामागे ही लेरॉयला द्यावी, अमक्याच्या खाली देऊ नये. अगदी पहिला कप्पा तेवढा रिकामा. तो उघडला की व्हर्लिनला आपलं गावच कुणी खोडून टाकल्यासारखं वाटायचं.

आता आर्लिस ब्रेक्के. आर्लिस ऑर्स्बीचीच, शाळेत व्हर्लिनच्या तीन वर्षं मागे. पुढे आयोवातल्याच वॉटर्लू शहरात मुलींना शिवण आणि स्वयंपाक शिकवण्यात तिचा जन्म गेला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त होऊन ती आजोबांच्या घरी परत आली. आल्याबरोबर चर्चच्या वेदीची वस्त्रं तिने आपल्या ताब्यात घेतली. आमच्याकडे वेदीवरच्या कापडाला सुरकुती म्हणजे जवळजवळ पापच, पण आर्लिसने हद्द केली. ती खळ घालून इस्त्री करते ती वेदीची वस्त्रं, उशांचे अभ्रे, रुमाल, भेटवस्तूंवरच्या फिती, आणि लोक म्हणतात, नाताळात उघडलेले कागदसुद्धा. मळकी वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, हे तिच्या आजीने तिला लहानपणी शिकवलं होतं, आणि तिने ते चांगलंच मनावर घेतलं.

दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी ती कॅफेत आली, व्हर्लिनच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मला नोट दाखवायची नाही. बाकी सगळीकडे लोक गुडघेदुखीवर बोलतात, म्हणून इथे बसते. चालेल?" व्हर्लिन म्हणाला, "कॉफी कडू आहे." ती म्हणाली, "मीही आहे." डोरीनने हे ऐकलं आणि त्याच दिवशी साऱ्या गावाला सांगितलं. तेव्हापासून त्या टेबलावर दोन कप. गावाला सगळं कळत होतं. दोघांनाही कळत होतं. घोडं कुठे अडलं होतं म्हणाल, तर पंच्याहत्तरीला टेकलेल्या माणसाने ते शब्द तोंडातून काढायचे कसे, इथे.

त्या ऑक्टोबरात व्हर्लिनला पंच्याहत्तर पूर्ण झाली. शनिवारच होता. बाहेर मक्याची कापणी जोरात, रस्त्यावरून ट्रक धडधडत जात होते आणि काचांवर धुळीचा थर. लेरॉय मुद्दाम आला होता. डोरीनने चॉकलेट केक केला होता. आर्लिस थोडी उशिरा आली, निळ्या कोटात, गाल लाल झालेले. तिने पर्समधून पांढऱ्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि व्हर्लिनच्या पुढ्यात ठेवलं.

"आजीच्या लग्नाचा फोटो उतरवला. काच फुटली होती," ती म्हणाली. "मागच्या पुठ्ठ्यात होती. बघ."

व्हर्लिनने रुमाल उघडला. पाच डॉलरची नोट. वर ठळक अक्षरात: ऑर्स्बी, आयोवा.

लेरॉयच्या हातातला काटा केकवरच थांबला. डोरीन कॉफीचं भांडं तसंच धरून उभी राहिली. पन्नास वर्षांत जे नाव व्हर्लिनला कुठे दिसलं नव्हतं ते समोर पडलं होतं. त्याने सवयीने हात पुसले, नोट दोन्ही कडांनी उचलली, आणि उचलताक्षणी बोटांना कळलं. कागद ताठ होता. नको तितका ताठ. जुन्या कागदाचा तो मऊ ताण नव्हता, छापाची निळी शाई फिकी पडलेली, घड्यांच्या जागी दाबून बसवलेल्या रेषा. आणि खाली कॅशिअरची सही, के. ब्रेक्के, काळीभोर, काल केल्यासारखी.

"धुतलेली आहे," तो म्हणाला.

ते शब्द त्याला कळायच्या आधी बाहेर पडले. जित्याची खोड. आर्लिस हसली, तिला ते कौतुकच वाटलं.

"हो तर! काजळीने काळी झाली होती. भांड्यांच्या साबणाने, हलक्या हाताने."

"खळ आहे हिला."

"थोडीशीच."

"इस्त्री."

"दोन फडक्यांमध्ये ठेवून," आर्लिस म्हणाली, पण आता ती हसत नव्हती.

"सही गिरवलेली आहे."

टेबलाखालून लेरॉयने त्याच्या नडगीवर लाथ मारली. उशीर झाला होता.

"पुसट झाली होती," आर्लिस हळू आवाजात म्हणाली. "दिसतच नव्हती. व्हर्लिन, मी काही वाईट केलं का? खरं सांग. तू सगळ्यांना सांगतोस ना, मलाही तसंच सांग."

आणि त्या गाढवाने सांगितलं. म्हणाला, आधी असती तशीच, काजळीसकट, तर लेरॉयने नवा पिकअप ट्रक येईल एवढे दिले असते. आता फार तर त्या ट्रकचे चार टायर येतील.

आर्लिसने लेरॉयकडे पाहिलं. लेरॉय आपल्या केककडे बघत होता. तिने पर्स मिटली, कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत नीट लावली आणि म्हणाली, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, व्हर्लिन." दारावरची घंटी वाजली. नोट टेबलावर, रुमाल टेबलावर. ती रस्ता ओलांडताना दिसली, आणि मग एक ट्रक मध्ये आला.

डोरीनने त्याचा कप उचलला, अजून अर्धा भरलेला होता तरी.

"त्या बाईने तुम्हाला अख्खं गाव आणून दिलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही टायर मोजत बसलात."

"विचारलं तिने."

"मी जाडी झालेय का, असं मी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, खरं सांगू का? तो अजून जिवंत आहे, कारण मी म्हटलं, नको सांगूस."

"डोरीन, मी खोटं बोलायचं होतं का?"

"खोटं कोण म्हणतंय, म्हातारबा? आधी 'थँक यू' म्हणायचं होतं. तेही खोटं झालं असतं का?"

आपण थँक यू म्हटलंच नव्हतं, हे व्हर्लिनला तेव्हाच कळलं.

पुढचा शनिवार आला, आर्लिस आली नाही. त्याच्या पुढचे दोनही गेले. रविवारी चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर बसायची, आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाजूच्या दाराने निघून जायची. वेदीवरचं कापड पाटीसारखं सपाट. व्हर्लिन मागच्या बाकावरून ते बघत राहायचा. लोक शनिवारी नोटा आणायचे, तो दोष सांगायचा, पण सांगताना अडखळायचा. एका बाईला तर तो म्हणाला, "सुंदर आहे," आणि त्या बाईने घाबरून विचारलं, "म्हणजे खोटी आहे का?"

घरी त्याने ती नोट वहीच्या पहिल्या कप्प्यात ठेवली. चिठ्ठी लिहायला बसला. पहिली ओळ, 'धुतलेली', लिहिली आणि फाडली. पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा फाडली. दोष न लिहिणं त्याला जमणार नव्हतं. ती चिठ्ठी खोटी झाली असती, आणि उद्या ती नोट ज्याच्या हातात पडेल तो फसला असता. पण ते पहिल्या ओळीत लिहिताना त्याला आर्लिस कोटाची बटणं लावताना दिसायची. स्वयंपाकघरात एकटाच बसून तो मोठ्याने म्हणाला, "जॉइस, तू बरोबर होतीस गं." आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला बायकोची आठवण रडवणारी न वाटता मदतीला आल्यासारखी वाटली. त्याने नोट उचलली आणि या वेळी दोष शोधायला नाही, नुसतीच बघायला म्हणून डोळ्यांसमोर धरली. ऑर्स्बी. त्याच्या गावाचं नाव. कुणीतरी काळजीने धुतलेलं, फडक्यात दाबलेलं, पुसलं जाऊ नये म्हणून पुन्हा गिरवलेलं. आजवर त्याला कुणी इतक्या मायेने काही दिलं नव्हतं. मग चिठ्ठी एका दमात लिहून झाली.

मंगळवारी दुपारी तो आर्लिसच्या दारात उभा राहिला. काखेत वही, आणि शर्टाची कॉलर एका बाजूला मुडपलेली. तिने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आत गेली. दार उघडंच ठेवलं म्हणून तो मागोमाग गेला. स्वयंपाकघरात इस्त्रीचं टेबल मांडलेलं होतं आणि वेदीची वस्त्रं खुर्चीवर. हवेत ओल्या खळीचा वास.

"थँक यू," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

"कसलं?"

"नोटेबद्दल. त्या दिवशी राहून गेलं."

आर्लिसने इस्त्री उभी करून ठेवली. "तीन आठवड्यांनी?"

"ट्रक हळू चालतो माझा."

तिने हसू दाबलं. मग ती खुर्चीवर बसली, वस्त्रं मांडीवर घेऊन. "मी खोटं करायला गिरवली नव्हती रे सही," ती म्हणाली. "तुला वाटलं असेल, किंमत वाढावी म्हणून केलं."

"नाही वाटलं."

"ऐक तर. ही गोष्ट आमच्या घराबाहेर कधी गेली नाही. बँकेची बदनामी व्हायची म्हणून. के. ब्रेक्के म्हणजे कनूट, माझे आजोबा, कॅशिअर. पण त्यांचा उजवा अंगठा मका सोलायच्या यंत्रात गेला होता. पेन धरता यायचं नाही. नोटांचे ताव ते बॅगेतून घरी आणायचे, आणि सह्या करायची आजी. गुंडा ब्रेक्के. या जेवणाच्या टेबलावर. आजोबा शेजारी बसून टिपकागद दाबायचे. लोकांच्या खिशातल्या प्रत्येक नोटेवर माझ्या आजीचा हात होता आणि कुणाला ते कधी कळलं नाही." तिने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "मला अक्षर तिनेच शिकवलं. ती सही पुसट होताना बघवेना मला. याच टेबलावर पेन टेकवलं आणि हात आपोआप गेला, तिच्यासारखाच. मला वाटलं, माझ्या घरातली वस्तू तुला द्यायची, तर नाव दिसेल अशी द्यावी."

व्हर्लिन समोरच्या खुर्चीत हळूच बसला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आर्लिसला आधी वाटलं, रडतोय. तो हसत होता, आणि थोडा रडतही होता.

"म्हणजे पहिली सहीसुद्धा खरी नव्हती!"

"खरी नव्हती कशी? आजीची होती!"

"लेरॉयला सांगू नकोस. त्याला झटका येईल." त्याने डोळे पुसले, खिशातून पेन काढलं, वही उघडली, चिठ्ठीत काहीतरी भरलं आणि वही तिच्याकडे सरकवली. "वाच."

आर्लिसने चष्मा लावला. व्हर्लिनच्या वहीतल्या चिठ्ठ्या तिने दोन वर्षं पाहिल्या होत्या. त्या कशा सुरू होतात ते तिला पाठ होतं. ही अशी होती:

'ऑर्स्बी, आयोवा. पाच डॉलर. माझ्या माहितीत एकच. आर्लिस ब्रेक्के हिने मला पंच्याहत्तराव्या वाढदिवशी दिली. सही के. ब्रेक्के यांची, हात गुंडा ब्रेक्के यांचा, त्यावर आर्लिसचा, दोन्ही एकाच टेबलावर. लेकीस सूचना: ही विकू नये. माझ्यामागे आर्लिसकडे परत द्यावी. धुतलेली, खळ, इस्त्री.'

तिने ती दोनदा वाचली. चष्मा काढला.

"दोष शेवटी लिहिलेस," ती म्हणाली.

"हो."

"का?"

"आधी नोट बघितली," व्हर्लिन म्हणाला. "मग जागा उरली होती थोडी."

आर्लिसने वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसली. बाहेर एक ट्रक गेला, काचा थरथरल्या. "आणि ही माझ्याकडे परत द्यायची म्हणतोस," ती म्हणाली, "म्हणजे ओरेगॉनहून तुझी लेक येणार, मला शोधणार, पत्ता विचारणार. त्यापेक्षा वही आणि मी एकाच घरात असलो तर तिला सोपं नाही का पडणार?"

पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला जे शब्द सापडत नव्हते ते तिने असे कपडे घडी करावे तसे पुढ्यात ठेवले. व्हर्लिनचे कान लाल झाले. त्याने मान हलवली, एकदा, मग पुन्हा, पहिली दिसली नसेल म्हणून.

"बरं," आर्लिस म्हणाली आणि उठली. तिने त्याच्या गळ्याकडे बघितलं. "आता तो शर्ट काढ. कॉलर बघ कशी झालीय. अशा माणसाबरोबर मी डोरीनकडे यायची नाही."

"इस्त्रीने किंमत उतरते," व्हर्लिन म्हणाला.

"तुझी उतरायला आता राहिलंय काय," आर्लिस म्हणाली आणि तिने इस्त्री हातात घेतली.

व्हर्लिन शर्टाची बटणं काढू लागला.